कापसाच्या मैदानातली चूल

कॉफीच्या भांड्याच्या तळाशी गाळ बसतो ना, तसे हे किस्से. रोज वरचं वरचं ओतून देतो, आणि खाली काय काय साचत गेलं ते भांडं घासायला घेतलं की कळतं! हळदीकुंकवाला आलात की तुम्ही म्हणता, 'काकू, दुकानातलं काहीतरी सांगा.' मी एक सांगायला घेते, तर त्याला चिकटून दुसरा निघतो, आणि वाणं द्यायची तशीच राहून जातात.

तुम्हाला वाटतं, कापसाला सोन्याचा भाव होता त्या दिवसांत काकूंचं दुकान भरभराटीला आलं, म्हणजे काकू मजेत असणार. बायांनो, दुकान चाललं ही देवीची कृपा. पण त्या वर्षांत मी घोटभर कॉफी निर्धास्त मनानं प्यायले असेन तर शपथ. तिकडे दूर अमेरिकेत लढाई पेटलेली, म्हणून साहेबाला आमच्या वऱ्हाडाचा कापूस हवा. अमरावतीच्या बाजाराच्या मैदानात जिकडे बघावं तिकडे गंज्याच गंज्या, गठ्ठ्यांवर गठ्ठे, वाऱ्याबरोबर उडणारी रुई. आणि त्या सगळ्याच्या कोपऱ्यात आमची पेटती चूल! पुढं दुकानाची पडवी, मधे गोणपाटाचा पडदा, मागं आमची एक खोली. खोलीत देव, उखळ आणि मी. तो पडदा वाऱ्यानं फुगला की मी आधी चुलीकडे बघायची.

*

आमचे हे एलिचपूरच्या छावणीत एका मद्राशी सुभेदाराकडे स्वयंपाकाला होते. तिथं कॉफी शिकले. सुभेदाराची बदली झाली तेव्हा कढई, उखळ आणि कॉफीच्या बियांची एक गोणी घेऊन हे अमरावतीला आले. म्हणाले, 'बघशील, लोक रांग लावतील.'

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे वलगावचे नथ्थूजी. काळ्या जमिनीचा चांगला शेतकरी माणूस, आवाज असा की बैल दचकावा. त्यांनी आपला लोटा पुढं केला. ह्यांनी वरून धार धरली. एक घोट घेतला आणि नथ्थूजींनी तो तिथल्या तिथं थुंकला.

'काहून वो महाराज, मानूस मारून राहिले काय? हा तं काढा व्हय!'

हे पार खचले. मी पडद्याआडून म्हटलं, 'अहो, काढा म्हणतात तर काढा म्हणून द्या. पौषाची थंडी आहे, माणसं रात्रभर गाडीवर बसून येतात.' मी बियांबरोबर सुंठ कुटली, गूळ वाढवला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी हाक दिली, 'थंडीतापावर उतारा! घशाला शेक!'

नथ्थूजी पुन्हा आले. प्याले. ओठ पुसले. आणि संध्याकाळपर्यंत अर्धं वलगाव 'तापानं आजारी' होऊन लोटे घेऊन दारात!

*

ही चूल पेटवायची परवानगी ज्यांनी दिली, त्यांची मला सगळ्यांत जास्त भीती वाटायची. रहीमखाँ जमादार. मैदानाची राखण त्यांच्याकडे. उंच, वाळलेले, डाव्या हाताची कातडी कोपरापर्यंत भाजून आवळलेली. कुठं भाजलं, कधी भाजलं, कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

दिवसभर फिरायचे आणि गठ्ठ्यांना तळहात लावून बघायचे, आजारी लेकराचं अंग बघावं तसं. मी एकदा धीर करून पडद्याआडून विचारलं, 'जमादार, काय बघता?'

'बाई, कापूस बोंबलत नाई. गवत पेटलं तं कडकड करते, लाकूड पेटलं तं धूर देते. कापसात ठिनगी गेली का ते आत चूप बसते. दिवस दिवस बसते. मंग एक वारा येते.'

एवढं बोलून ते गेले. मी त्या रात्री जेवले नाही. तशी त्या दिवशी संकष्टी होती, पण चंद्रोदयानंतरही घास उतरला नाही!

त्यांच्या अटी सरळ होत्या. चुलीभोवती दगडांचं कडं हवं. कड्यालगत पाण्याचे रांजण कायम भरलेले हवेत. विस्तव कड्याबाहेर जाता कामा नये. आणि वारा उठला की ते पितळी थाळा बडवणार. थाळा वाजला की मैदानात एकही जाळ राहता कामा नये, मग तो कुणाचाही असो. 'एक डाव चुकसान, तं चूल बी जाईन आन् तुमी बी.'

ह्यांनी त्यांना कितीदा कॉफी पुढं केली. जमादार हात जोडायचे. 'ज्या चुलीले मी भितो, तिचं पानी गळ्याखाली नाई जात.'

त्यांची एक गंमत मात्र होती. कमरेला चिलीम खोचलेली असायची, पण ती कायम कोरी! दगडावर बसून ती कोरी चिलीमच ओढायचे. नथ्थूजी चिडवायचे, 'जमादार, धूर कोठी गेला?'

'पोटात,' जमादार म्हणायचे.

*

चिलमीवरून आठवलं. कॉफी खपायला लागली तसे हे फुशारून गेले. मला म्हणाले, 'हातगुण आहे माझा.'

मी मागं बसून बिया कुटते, पण कान पुढं असतात. मी म्हटलं, 'राग येणार नसेल तर सांगू? माणसं कॉफीला येत नाहीत. विस्तवाला येतात.'

खरंच होतं! अख्ख्या मैदानात पेटता विस्तव म्हणजे आमच्याच चुलीत. गाडीवाला यायचा, कॉफी मागायचा, दोन घोट कसेबसे घ्यायचा आणि मग हळूच म्हणायचा, 'महाराज, चिलमीपुरता एक निखारा?' हे 'नाही' म्हणाले की तो पुन्हा यायचा नाही. 'हो' म्हणून जमादारांची नजर चुकवून निखारा हातावर दिला की माझा जीव त्या निखाऱ्याबरोबर मैदानभर हिंडायचा.

शेवटी ह्यांनी दगडांचं कडं मोठं केलं. आत बसायला लाकडाचे ओंडके मांडले, वाऱ्याच्या बाजूनं मातीची भिंत घातली. चिलीम आतच पेटवायची, आतच ओढायची, आतच झाडायची. निखाऱ्याला मोल नाही, पण बसायचं तर कॉफी घ्यायची! दोन दिवसांत ओंडक्यांवर जागा उरेना. मलाही जरा बरं वाटलं. विस्तव निदान डोळ्यांसमोर तरी होता.

तरी नथ्थूजी ते नथ्थूजीच. एकदा गाडीजवळ बैल ओरडला म्हणून अर्धी चिलीम तशीच घोंगडीखाली धरून निघाले! मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. हात नुसता वर गेला. जमादारांना मात्र घोंगडीचा जळका वास आला. ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. रांजणाजवळची घागर उचलली, शांतपणे चालत गेले आणि अख्खी नथ्थूजींच्या डोक्यावर उपडी केली.

पौषातली सकाळ. नथ्थूजी गाईच्या वासरासारखे कुडकुडत उभे. आता भांडण होणार म्हणून मी देवीचं नाव घ्यायला लागले. तर नथ्थूजी म्हणाले काय,

'महाराज, आता तं मले खरंच थंडीताप आला! द्या तुमचा काढा!'

*

आमचे धाकटे भाऊजी अकोल्याला. आमचं बघून त्यांनीही तिथल्या कापसाच्या बाजारात कॉफी सुरू केली. महिन्याभरात तोंड पाडून आले.

'वहिनी, दूध तुमच्यापेक्षा घट्ट, गूळ तुमच्यापेक्षा जास्त. पण माशा सोडून कुणी फिरकत नाही!'

ह्यांनी विचारलं, 'चूल कुठं मांडलीस?'

'चूल घरी! दादा, तुमच्यासारखी कापसात चूल मांडायची माझी छाती नाही. घरून कॉफी उकळून नेतो, पेंढ्यात गुंडाळून. गरम राहते.'

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मग मीच म्हटलं, 'भाऊजी, तुम्ही घाबरता ते देवीला आवडत असेल. पण गिऱ्हाइकाला विस्तव हवा.'

भाऊजींनी दगडांचं कडं घातलं, भिंत घातली, आणि अकोल्यातही ओंडके भरले. माझी भीती मात्र दुप्पट झाली. तोवर मी एका चुलीसाठी सोमवार धरत होते. आता दुसरीसाठी मंगळवारही आला! अकोल्याकडून कुणी घाईघाईनं येताना दिसलं की बातमी कळेपर्यंत माझा हात उखळातच थिजायचा.

*

तुम्ही सौदा होताना पाहिलाय का? तोंडानं भाव बोलायचा नाही. दोघांनी हात उपरण्याखाली घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा. कितीही माणसं भोवती असोत, कुणाला कळत नाही.

एक दिवस मुंबईहून आवई आली की लढाई संपली, भाव कोसळणार. मैदानावर मढं उठल्यासारखं झालं. नथ्थूजींची गाडी भरलेली. धाकट्या लेकीचं लग्न ठरलेलं. ते चुलीपाशी येऊन बसले आणि कॉफीवर कॉफी पीत सुटले. पोटात अन्नाचा कण नाही. हे म्हणाले, 'नथ्थूजी, पुरे.' ते म्हणाले, 'महाराज, भेव वाटून राह्यलं. हातात लोटा असला का बरं वाटते.'

तेवढ्यात अकोल्याचे मोतीशेट आले. मोठे अडते. लंगडत्या भावात माल उचलायला आले होते. आमच्याच ओंडक्यावर बसले, उपरणं पसरलं, दोघांचे हात आत गेले.

शेटजींनी बोटं दाबली. नथ्थूजींचा हात कॉफीनं असा थरथरत होता की उपरणंसुद्धा उडत होतं! शेटजींना वाटलं, हा हात झटकतोय. भाव तुच्छ वाटला. त्यांनी वाढवला. हात आणखी झटकला. शेटजींच्या कपाळावर घाम आला. यालाच काहीतरी पक्की बातमी आहे, लढाई संपलेली दिसत नाही! पुन्हा वाढवला. शेवटी शेटजींनी अख्खा पंजा दाबला आणि दुसऱ्या हातानं नथ्थूजींचं मनगट धरून ठेवलं, आता तरी हलू नये म्हणून.

सौदा झाला. नथ्थूजी पडद्याशी आले. चेहरा पांढराफटक.

'वैनी, देवाच्यान सांगतो, मी तं पयल्यापासून हो म्हनून राह्यलो होतो. हातच आयकेना!'

लढाई संपल्याची आवई चार दिवसांनी खोटी ठरली, म्हणून शेटजीही वाचले. पण दुसऱ्या दिवशी जो तो सौद्याआधी कॉफी मागायला लागला! अडत्यांनी ते पाहिलं आणि तेही प्यायला लागले. दोन्हीकडचे हात थरथरताहेत, उपरणं उडतंय, आणि सौदा काही ठरत नाही. एक दलाल तर ओरडला, 'हा सौदा व्हय का अंगात आलं?'

तेव्हापासून ह्यांनी प्रत्येकाला आधी विचारायला सुरुवात केली, 'सौद्याआधीची, की सौद्यानंतरची?' आधीची म्हणजे दूधच दूध. नंतरची म्हणजे काळी, कडक. भाव मनासारखा मिळाला नसेल त्याच्यासाठी गूळ जास्त. तो मात्र विचारायचा नाही, चेहरा बघून घालायचा!

*

मोतीशेट तसे वाईट नव्हते. मोठा व्यवहार, मोठी भीती. गठ्ठे साठवून ठेवलेले आणि लढाई कधी थांबेल याचा नेम नाही. एके दुपारी दुकानात कुणी नाही असं बघून ते पडद्याशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले,

'वहिनी, सारं मैदान म्हणते, तुमचे उपास देवीले पोचतात. माझ्यासाठी एक धरा.'

मी म्हटलं, 'धरीन की. घरात कुणी आजारी आहे का?'

'नाई नाई, सारे खुशाल हायेत. लढाई... थोडी अजून चालली पायजो. पावसाळ्यापर्यंत.'

माझ्या हातातलं मुसळ उखळात तसंच राहिलं. शेटजी उपरण्याचं टोक पिळत उभे होते, त्यांची भीती मला दिसत होती. पण लढाई म्हणजे माणसं मरतात हो! मी हळूच म्हटलं, 'शेटजी, तिकडेही कुणीतरी बाई असेल. तिचा लेक लढाईत असेल. तीही उपास करत असेल, लढाई थांबू दे म्हणून. देवानं कुणाचं ऐकावं?'

शेटजींनी मान खाली घातली. मला वाटलं, पाझर फुटला. मग ते म्हणाले,

'मंग वहिनी, तुमी तिच्यापेक्षा एक जास्त धरा!'

हसू नका. मला त्या दिवशी हसू आलं नव्हतं. मला भीती वाटली, की आपल्याही मनात कुठं तरी हेच असेल. दुकान चाललंय ते कशावर? त्याच जाळावर ना? रात्री देवीपुढं बसले आणि म्हटलं, आई, लढाईचं तुझं तू बघ. मला एवढंच दे: कुणाचं काही जळू नये. तिकडे नको, इकडेही नको. आणि जळायचंच असेल तर आमच्या चुलीतल्या ठिणगीनं नको.

शाकंभरी नवरात्र जवळ आलं होतं. मी नऊ दिवस अखंड दिव्याचं व्रत बोलले. दिवा एकदाही विझू द्यायचा नाही.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, आगीच्या भीतीनं मी आणखी एक आग घरात आणली होती.

*

सात दिवस दिवा छान तेवला. मी त्याच्यापाशीच बसायची, तिथंच कुटायची, तिथंच लवंडायची. पौर्णिमा आता परवावर आली होती.

दुपारची वेळ. मैदान कसं भरलेलं. मी वातीची काजळी झाडत होते आणि गोणपाट फुगलं. एकदा, दोनदा, मग असं फाडकन उडालं की पडदा छताला लागला. बाहेर थाळा वाजायला लागला.

ह्यांनी चुलीवर घागर ओतली. फस्स करून राखेचा लोट उठला. कड्यातल्या माणसांनी चिलमी पाण्यात बुडवल्या. बघता बघता मैदानातला सगळा विस्तव विझला, फक्त वारा. आणि माझ्यासमोर दिवा. ज्योत आडवी पडत होती आणि पुन्हा उभी राहत होती.

जमादार पडद्याशी आले. आत आले नाहीत.

'बाई, आतला.'

मी ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा धरला. हे म्हणाले, 'जमादार, व्रताचा आहे. परवा पौर्णिमा.'

'थाळा वाजला महाराज.'

'तू बाजूला हो,' हे मला म्हणाले. 'मी विझवतो. दोष माझ्या माथी लागू दे.'

मी उठले. दिवा फुंकून विझवायचा नसतो, दुधाच्या थेंबानं शांत करायचा. वाटी हातात घेतली. दुधात बोट बुडवलं आणि तशीच थांबले.

'विझवा म्हनलो का मी?' जमादार म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. 'मैदानात जाळ नको, एवढंच म्हनतो. बाहीर न्या.'

पण नेणार कोण? हे रांजण सोडून जाऊ शकत नव्हते. दुसरं कुणी ज्योत हातात धरायला धजेना. मोतीशेट आणि नथ्थूजी दोघंही मागं सरले. जमादारांनी रात्रीच्या पहाऱ्याचा आपला काचेचा कंदील पडद्याआतून पुढं सरकवला.

'यात लावून द्या. दुसऱ्याच्या हाती विस्तव देऊन मले इथं उभं राह्यता नाई येनार.'

मी दिव्यावरून वात पेटवून कंदिलात लावली. मग दुधाच्या थेंबानं देवीपुढचा दिवा शांत केला. जमादारांनी कंदिलाचं दार लावलं, तो भाजक्या हाताखाली छातीशी धरला, थाळा दुसऱ्या पहारेकऱ्याकडे दिला आणि चालू लागले. वारा ज्या अंगाला वाहत होता त्याच अंगाला गेले, नाल्याच्या बाजूला. ठिणगी उडालीच तर कापसाकडे येऊ नये म्हणून. मैदानाच्या कुंपणभिंतीतल्या फाटकातून बाहेर पडले आणि नाल्याच्या काठावर जाऊन उभे राहिले.

देवीपुढचा कोनाडा काळा झाला. मी तिच्याकडे बघू शकले नाही. बाहेर नथ्थूजी रिकामा लोटा दोन्ही हातांनी धरून बसले होते. मोतीशेट आपल्या गंजीकडे बघत होते. त्यांची गंज सगळ्यांत शेवटची, नाल्याकडच्या भिंतीला लागून.

आणि भिंतीपलीकडून हाक आली.

'शेवटची गंज! शेवटची गंज पाहा!'

आम्ही सगळे बघायला लागलो. कुठं काही दिसत नव्हतं. धूर नाही, जाळ नाही. जमादार नाल्याच्या काठावरून फाटकापर्यंत धावत येत होते आणि पुन्हा थांबत होते. हातात ज्योत होती, आत यायचं नव्हतं. खाली ठेवायचीही नव्हती. एका हातानं कंदील छातीशी आणि दुसरा हात गंजीकडे.

'वास येऊन राह्यला! हात लावून पाहा रे!'

नथ्थूजी उठले. गठ्ठ्यांना तळहात लावत गेले, जमादार लावायचे तसे. एक, दुसरा. खालच्या एका गठ्ठ्याशी त्यांचा हात चटका बसल्यासारखा मागं आला.

'अरे बाप्पा! हा तं तापला हाये!'

मग जे झालं ते मी फटीतून पाहिलं, आणि आजही डोळे मिटले की दिसतं. वीस हात त्या गठ्ठ्याला लागले. तो ओढून काढला, फाटकाबाहेर फरफटत नेला आणि नाल्याच्या वाळूत फाडला. आतलं लाल, विस्तवाच्या परातीसारखं. आमच्या कड्यालगतचे रांजण एकामागून एक रिकामे झाले. गंजीतले शेजारचे गठ्ठे भिजवले, हात लावून पाहिले, पुन्हा भिजवले. मोतीशेटांनी स्वतःचं उपरणं भिजवून गठ्ठ्यावर टाकलं. ज्या उपरण्याखाली भाव व्हायचे, तेच!

दिवस कलता कलता वारा पडला. गोणपाट सरळ लटकलं. मी नुसती देवीला हात जोडून बसले होते.

जमादार कंदील घेऊन आले. पडद्याबाहेरूनच तो पुढं केला.

'घ्या बाई. विझला नाई. जरा फिरायले गेला होता.'

मी त्यावरून वात पेटवली, देवीपुढं लावली. मग त्याच ज्योतीवरून ह्यांनी चूल पेटवली. सगळे कड्यात येऊन ओंडक्यांवर बसले. कुणाची सौद्याआधीची नाही, कुणाची सौद्यानंतरची नाही. सगळ्यांना एकच, कडक.

ह्यांनी विचारलंच, 'जमादार, ठिणगी... कुणाची होती?'

'ठिनगीले नाव नसते महाराज.'

मोतीशेट म्हणाले, 'वहिनीच्या दिव्यानं वाचवलं.' नथ्थूजी म्हणाले, 'वाऱ्यानं. जमादार वाऱ्याच्या तोंडाशी उभे होते, म्हनून वास आला.' दोघांची जुंपली. ह्यांनी लोटा भरून कॉफी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

मग त्यांनी कमरेची चिलीम काढली. इतक्या वर्षांची कोरी. खिशातून तंबाखू काढली, भरली, अंगठ्यानं दाबली.

ते चुलीच्या कड्याशी सरकले आणि ह्यांच्याकडे न बघता म्हणाले,

'महाराज, जरासा विस्तव देता?'